मंगळावर शेती: पहिल्या मोहिमेला बियाणं न्यायचं की डबे?

उलटमोजणी (धागाकर्ता)

मंगळावर माणूस उतरवायच्या गप्पा निघाल्या की पुढचं चित्र ठरलेलं असतं: काचेचा घुमट, आत हिरवेगार वाफे आणि अंतराळवीर निवांत टोमॅटो खुडतोय. मला हे चित्र पटत नाही. का पटत नाही ते आकड्यांत मांडतो, खोडून काढा.

माझं म्हणणं असं की पहिल्या दोन-तीन मानवी मोहिमांनी पोट भरण्यासाठी शेती करू नये. सुकवलेलं, डबाबंद अन्न सोबत न्यावं, हवा आणि पाण्याचं काम यंत्रांवर सोपवावं. रोपं न्यायचीच असतील तर प्रयोग म्हणून न्यावीत, जेवणाची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

अन्नाचा हिशेब सोपा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर माणशी दिवसाला वेष्टनासकट सुमारे १.८ किलो अन्न लागतं. चार माणसं, तीन वर्षं, म्हणजे साधारण आठ टन. आठ टन थोडे नाहीत, पण आवाक्याबाहेरचेही नाहीत. आणि या अन्नाला कीड लागत नाही, पंप बंद पडला म्हणून ते मरत नाही.

आता शेती. एका माणसाची सगळी भूक पिकांवर भागवायची तर भरपूर उजेडात ४० ते ५० चौरस मीटर लागतात. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के, त्यात धुळीची वादळं. २०१८ साली अशाच एका वादळात सौरऊर्जेवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी गाडी कायमची गप्प झाली. तेव्हा दिवे आलेच. गव्हाकडून भरघोस पीक हवं असेल तर चौरस मीटरला सेकंदाला १००० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाशकण द्या. उत्तम एलईडी एका ज्यूलमागे ३ मायक्रोमोल देतो. म्हणजे ५० चौरस मीटरला १६-१७ किलोवॉट, चौघांना ६५ च्या वर. हे नुसते दिवे. पंखे, पंप, साचलेली उष्णता बाहेर टाकणं वेगळं. अवकाश स्थानकाचे ते अवाढव्य सौरपंख सगळे मिळून ८४ ते १२० किलोवॉट देतात. अर्ध्याहून जास्त वीज गव्हाला घालायची?

आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. १९९१ ते १९९३ या काळात ॲरिझोनात आठ माणसं बायोस्फिअर २ नावाच्या बंद काचघरात राहिली. सव्वा हेक्टर जागा, डोक्यावर पृथ्वीचं ऊन, पायाखाली पृथ्वीची माती. तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ वर उतरला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव तो फस्त करत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उघडं काँक्रीट शोषून घेत होतं. त्यामुळे ऑक्सिजन जातोय कुठे याचा पत्ताच लागेना. शेवटी बाहेरून सोडावा लागला. माणसं वाळली ती वेगळीच. मंगळावर बाहेरून कोण सोडणार?

मुळाक्षर
*आठ टन बरोबर, पण किती जुने?*

वजनाचा हिशेब मान्य. पण तुम्ही वय मोजलंच नाही.

मंगळाकडे निघायची संधी २६ महिन्यांनी एकदा येते. सामान माणसांच्या आधीच्या खेपेला पाठवायचं, हे बहुतेक आराखड्यांत असतं. म्हणजे शेवटचं पाकीट फोडलं जाईल तेव्हा ते पाचेक वर्षांचं झालेलं असेल. साध्या तापमानाला साठवलेल्या अवकाश-अन्नावर तीन वर्षांच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यात क आणि ब-१ ही जीवनसत्त्वं स्पष्ट घटलेली दिसली. क जीवनसत्त्व नसेल तर काय होतं हे जुन्या दर्यावर्दींना विचारा. गोळ्या न्या म्हणाल, तर गोळ्याही जुन्या होतात, आणि सगळी मदार एकाच बाटलीवर ठेवायची हे तुमच्याच सावधगिरीच्या विरुद्ध आहे.

दुसरं, तेच ते खाऊन माणसाचं जेवण तुटतं. स्थानकावर अंतराळवीर गरजेपेक्षा कमी खातात आणि वजन घटवून परत येतात, ही जुनी डोकेदुखी आहे. पाकिटातल्या उष्मांकांचा हिशेब कागदावर जुळतो. ते पोटात गेले तर उपयोग.

तुम्ही ‘सगळी भूक शेतीवर’ असं गृहीत धरून शेतीला झोडपताय. सगळी भूक भागवा असं म्हणतंय कोण? चार-पाच चौरस मीटर पालेभाजी, मुळा, मिरची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्थानकावर व्हेजी नावाच्या छोट्या वाफ्यातलं लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्लं, २०२० मध्ये मुळे काढले, २०२१ मध्ये १३७ दिवस राखून मिरची पिकवली. एवढं तर घरच्या घरी जमतंय!

खवट
*काकडीवर माणूस जगतो का*

पालेभाजीवाल्यांसाठी एक हिशेब.

जर्मन अवकाश संस्थेनं २०१८ मध्ये अंटार्क्टिकावर ईडन आयएसएस नावाचं हरितगृह चालवलं. माती नाही, मुळांवर पोषक पाण्याचा फवारा, सगळा उजेड दिव्यांचा. लागवड १२.५ चौरस मीटर. साडेनऊ महिन्यांत २६८ किलो उत्पन्न: लेट्यूसच्या जातीची पानं ११७ किलो, काकडी ६७, टोमॅटो ५०, बाकी नवलकोल, मुळा, सुगंधी पाला. कौतुकाची गोष्ट, टाळ्या वाजवल्या.

आता त्यात उष्मांक किती? काकडी काय, लेट्यूस काय, किलोला दीडशे-दोनशे किलोकॅलरीच्या पुढे जात नाही. एकूण बेरीज पन्नास हजारांच्या आत येते. माणसाला दिवसाला अडीच हजार धरा. म्हणजे साडेनऊ महिने राबून एका माणसाचं वीस दिवसांचं जेवण. उरलेले महिने त्यानं काय करायचं, काकडीकडे बघत बसायचं?

उलटमोजणींना माझा पाठिंबा. पण ते ‘प्रयोग म्हणून न्यावीत’ म्हणाले तिथे ते मवाळ झाले.

मुळाक्षर

खवटसाहेब, त्या २६८ किलोंतून अडीच हजार कॅलरी काढायची अपेक्षाच कुणाची नव्हती. त्यातून क जीवनसत्त्व किती निघालं ते मोजा. आणि तिथे हिवाळ्यात अडकलेली माणसं महिनोन्महिने ताजं खात होती. ते मोजायला तुमच्याकडे एकक नाही म्हणून ते शून्य धरायचं का?

बांधावरून
*राबणाऱ्याच्या बाजूनं*

बिनमातीची शेती हा माझा धंदा आहे, तेव्हा थोडं आतलं सांगतो. उजेड, खत, पाणी यांचे आकडे सगळे जण देतात. लक्ष देण्याचा आकडा कोणी देत नाही. मुळं पाण्यात असलेल्या पिकाचा पंप रात्री अडकला आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही, तर पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली सापडतात. पानं अजून टवटवीत असतात, नवख्याला वाटतं काही झालेलं नाही. दोन दिवसांनी माना टाकतात. मातीत जी ढिलाई खपते ती इथे खपत नाही.

स्थानकावर झिनियाच्या फुलांचं असंच झालं. २०१५ च्या डिसेंबरात पानांच्या कडांतून पाणी ठिबकायला लागलं, हवा दमट, मागोमाग बुरशी. पंखा वाढवला तर रोपं कोरडी पडली. पाणी द्यायचं वेळापत्रक जमिनीवरून ठरत होतं. तिथला अंतराळवीर स्कॉट केली यानं शेवटी सांगितलं की झाडं माझ्यासमोर आहेत, पाणी कधी द्यायचं ते मी बघून ठरवतो. तशी मोकळीक मिळाली, रोगट भाग काढून टाकला आणि जानेवारीत फुलं आली. पिकाकडे बघून पाणी द्यायला शिकणं हीच शेती, बाकी सगळी अवजारं.

आता माझा मुद्दा उलटमोजणींच्या विरुद्ध जातो. हे सगळं इतकं नाजूक आहे म्हणून ‘नंतर करू’ असं ते म्हणतात. मी म्हणतो, इतकं नाजूक आहे म्हणूनच पहिल्या दिवसापासून करायला हवं. शेती पुस्तकातून शिकता येत नाही आणि एका ठिकाणची दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. रशियाच्या मीर अवकाश स्थानकावर १९९६ मध्ये बुटक्या जातीचा गहू लावला. वाढला, जोम धरला, जवळपास तीनशे ओंब्या आल्या. सोलून पाहिलं तर एकीतही दाणा नाही. बंद हवेत इथिलीन वायू साठला होता आणि त्यानं परागकण वांझ केले होते. पुढे वेगळ्या जातीवर दाणा धरला. जमिनीवर वर्षानुवर्षं गव्हाचे प्रयोग करणाऱ्यांना हे आधी दिसलं नव्हतं. मंगळावर असं काय काय निघेल ते मंगळावरच कळणार.

भिंगरी

मोठ्यांच्या भांडणात मधेच बोलते. तुम्ही सगळे बिनमातीचं बोलताय, पण मंगळावर माती आहेच की! तीच वापरली तर इतकं सामान न्यायला नको. चंद्राच्या मातीतही रोप उगवल्याचं वाचलं होतं. आणि इस्रोनं २०२४ च्या अखेरीस पोएम-४ वर (रॉकेटच्या कक्षेत राहिलेल्या शेवटच्या टप्प्यावरचा प्रयोगमंच) चवळीचं बी रुजवलं तेव्हा चार दिवसांत कोंब आले होते. मग एवढं अवघड का म्हणताय?

मुळाक्षर

चवळीचं बी रुजलं ते नेलेल्या माध्यमात, बंद पेटीत. आणि कोंब फुटणं हा सगळ्यात सोपा भाग. बियात स्वतःची शिदोरी असते, चार दिवस ते कुठेही तग धरतं.

चंद्राच्या मातीचा प्रयोग फ्लोरिडा विद्यापीठाचा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अपोलो ११, १२ आणि १७ नं आणलेली माती, सगळी मिळून १२ ग्रॅम, एकेका रोपाच्या वाट्याला एकेक ग्रॅम. मोहरीच्या कुळातलं ॲराबिडॉप्सिस लावलं. बी सगळीकडे रुजलं, पण आठवडाभरात मुळं खुरटली. काही रोपांचा रंग काळपट-तांबडा झाला. आत जनुकं तपासली तर क्षार, धातू यांच्या माऱ्यात सापडल्यावर रोप जे करतं तेच चाललेलं. सगळ्यात वाईट गत अपोलो ११ च्या मातीत झाली. ती माती पृष्ठभागावर सर्वांत जास्त काळ मारा खात पडलेली होती.

मंगळाच्या मातीत वेगळंच विघ्न. फिनिक्स यानाला २००८ मध्ये तिच्यात परक्लोरेट हा क्लोरीनयुक्त क्षार सापडला, अर्धा ते एक टक्का. तो पाण्यात विरघळतो, पानांत साठतो आणि माणसाच्या थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. धुऊन काढता येतो, पण मग ते पाणी परत शुद्ध करा. नत्र जवळजवळ नाही, जिवाणू नाहीत, बुरशीचे धागे नाहीत. खरं तर तिला माती म्हणायचं की भुकटी, हा प्रश्नच आहे. पहिल्या मोहिमांना पाण्यावरची शेती बरी.

रात्रपाळी
*काडाचं काय करणार?*

यंत्रांच्या बाजूनं कोणी नीट बोललं नाही, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

‘झाडं लावली की ऑक्सिजनचा प्रश्न मिटला’ हे वाक्य शेतीवाले हळूच सरकवतात. इथे अजून कोणी म्हटलेलं नाही, पण म्हणतीलच. हिशेब असा की माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन घेतो. तो जे अन्न खातो ते वाढताना जितका ऑक्सिजन तयार झाला, तितकाच ते अन्न शरीरात जळताना लागतो. म्हणजे खाल्लेल्या दाण्यापुरता हिशेब शून्यावर मिटतो. शिलकीत राहतो तो काडाचा, मुळांचा, टरफलांचा ऑक्सिजन. गव्हात दाणा जेमतेम ४०-४५ टक्के, बाकी सगळं काड. आता हे काड कुजवलंत किंवा जाळलंत, तर शिलकीतला ऑक्सिजन त्यातच परत जातो. बायोस्फिअर २ मध्ये मातीतल्या सेंद्रिय मालानं नेमका हाच घोळ घातला.

तर मग काड कुजवूच नका, बाहेर टाका? मंगळावर हे खपेल, कारण तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, कार्बनला तोटा नाही. पण काडाबरोबर नत्र, पालाश, स्फुरदही बाहेर जातं, ते पृथ्वीवरून नेलेलं. (मंगळाच्या हवेत नत्र तीन टक्क्यांच्या आत आहे, तेही बांधून घ्यायला आणखी एक यंत्र.) चंद्रावर तर कार्बनचाच दुष्काळ, तिथे काडी न् काडी परत चक्रात घालावी लागेल. म्हणजे एकाच पिकाचा हिशेब दोन ठिकाणी पूर्ण वेगळा, आणि आपण दोन्हीला ‘अवकाश शेती’ म्हणून एका पोत्यात भरतोय.

यंत्रं काय करतात ते बघा. स्थानकावर मूत्र, घाम, श्वासातला दमटपणा धरून ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. मंगळावर पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी उपकरणानं तिथल्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला, तासाला १२ ग्रॅमपर्यंत, सुमारे ३०० वॉटवर. माणसाला तासाला ३५ ग्रॅम लागतो. म्हणजे अशी तीन यंत्रं, एक किलोवॉटच्या आत, एक माणूस. आणि तुमचं गव्हाचं शेत माणशी सोळा किलोवॉट मागतंय.

बांधावरून

रात्रपाळी, काडाचा मुद्दा एक नंबर. पण मॉक्सीचं जरा पुढचंही सांगा. १६ वेळा चालवून एकूण ऑक्सिजन निघाला १२२ ग्रॅम. म्हणजे एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका. त्यावर तुम्ही चार माणसांची तीन वर्षं उभी करताय, आणि आमच्या १३७ दिवसांच्या मिरचीला मात्र ‘प्रयोग’ म्हणताय. माप दोघांना एकच लावा.

शिवाय तुमचं यंत्र ऑक्सिजन देतं, जेवायला देत नाही. सोळा किलोवॉटची तुलना एक किलोवॉटशी करायची तर त्या एक किलोवॉटच्या पारड्यात दोन टन डबेही टाका.

रात्रपाळी

डबे टाकतो. तरी एक फरक राहतो: यंत्र बिघडलं तर सुटा भाग बदलून त्याच दिवशी चालू होतं. पीक गेलं तर बी पेरून अडीच महिने थांबा. तोवर काय खायचं? डबेच ना? मग डबे न्यावेच लागले. म्हणजे शेती असो वा नसो, आठ टन तुमच्या बोकांडी आहेतच.

शेवाळ
*गव्हाच्या मागे का लागलाय?*

नावावरून कळलं असेल मी कोणाच्या बाजूनं.

१९७२-७३ मध्ये सैबेरियात क्रास्नोयार्स्कला बायोस-३ नावाच्या ३१५ घनमीटरच्या बंद जागेत तीन माणसं १८० दिवस राहिली. त्यांच्या हवेचा भार पिकांनी आणि क्लोरेला नावाच्या शेवाळानं उचलला. माणशी आठेक चौरस मीटर उजेडातलं शेवाळ एका माणसाची हवा सांभाळतं, असा तिथला अनुभव. काड नाही, टरफल नाही, अडीच महिने थांबणं नाही.

त्याच्याही पुढे आता जिवाणू आहेत. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडा अमोनिया दिला की टाकीत प्रथिनांची पूड तयार. उजेड नकोच. फिनलंडची सोलर फूड्स ही कंपनी याच तंत्रावर नासाच्या अवकाश-अन्न स्पर्धेत २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय गटात जिंकली. वीज थेट हायड्रोजन काढायला वापरायची. दिवा, पान, दाणा असा द्राविडी प्राणायाम करायचाच कशाला?

खवट

शेवाळराव, पूड खाऊन तीन वर्षं? अंतराळवीर परत येणारच नाहीत, तिकडेच पळून जातील.

थट्टा सोडा. एकपेशीय जीवांत न्यूक्लिक आम्लं भरपूर असतात, ती जास्त खाल्ली की रक्तात युरिक आम्ल चढतं. क्लोरेला पोटाला झेपत नाही हेही जुन्या प्रयोगांत दिसलंय. ताटात चमचाभर ठीक. बीजिंगच्या युएगोंग-१ या बंद प्रयोगशाळेत २०१७-१८ मध्ये स्वयंसेवकांचे गट आलटून-पालटून ३७० दिवस राहिले, आणि प्रथिनांसाठी पिवळ्या अळ्या वाढवून खाल्ल्या. मला त्यापेक्षा डबा परवडला.

शेवाळ

पूड प्रक्रिया करून न्यूक्लिक आम्लं कमी करता येतात, हे नवं नाही. आणि अळ्यांचं म्हणाल तर त्या तुमच्या रात्रपाळींचा काडाचा प्रश्न सोडवतात. माणसाला न पचणारा पालापाचोळा खातात, प्रथिनं देतात. नाक मुरडायच्या आधी चक्र बघा.

भिंगरी

काचेच्या घुमटाचं कोणीच बोललं नाही. ते तरी खरं का?

रात्रपाळी

नाही. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ. आत पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दाब ठेवला (रोपं एवढ्यावर निभावतात, माणसाला मुखवटा लागेल), तरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरला आतून तीन टन रेटा बसतो. घुमट उडू नये म्हणून त्याला बांधून ठेवावं लागेल. वरून किरणोत्सर्ग, रात्रीची कडाक्याची थंडी. खरं हरितगृह मुरमाखाली पुरलेलं धातूचं नळकांडं असणार, आत जांभळट किंवा पांढरे दिवे. आणि त्यातलं सगळ्यात मोठं यंत्र दिवा नसेल, हवेतला दमटपणा काढणारं असेल, कारण पानं दिवसाला चौरस मीटरमागे कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. ते थंड करून पकडलं की पिण्याजोगं होतं, हा फायदाच. पण ते यंत्र एक दिवस बंद राहिलं तर झिनियाची बुरशी आलीच समजा.

पानाआड

मूळ वादात नाही पण तरी: १९६७ च्या अवकाश करारातलं नववं कलम इतर ग्रहांवर घातक प्रदूषण करू नका असं सांगतं. शेती म्हणजे मुळांभोवती कोट्यवधी जिवाणू. माणूस गेला की जिवाणू जाणारच, पण शेतीनं ते कैक पटींनी वाढतील, आणि काड बाहेर टाकायची भाषा वर झालीच आहे. मंगळावर आधी जीव होता का हे शोधायच्या आत आपणच तिथे कुजकं काड पसरलं तर पुढे सापडलेल्या खुणांवर विश्वास कोण ठेवणार?

रात्रपाळी

मान्य. काड बाहेर टाकायचं ते भाजून, निर्जंतुक करून. म्हणजे आणखी एक भट्टी. यादी वाढतेय, लक्षात येतंय ना?

उलटमोजणी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

मुळाक्षर, चार-पाच चौरस मीटर पाल्याला माझी हरकत कधीच नव्हती. एक-दोन किलोवॉट वीज द्या त्याला. उष्मांकांचे फार तर दहा टक्के पिकवा म्हणा, मी सही करतो. अट एकच, त्या दहा टक्क्यांची वजाबाकी आठ टनांतून करायची नाही. डबे पूर्ण न्यायचे.

बांधावरून, मीरच्या गव्हाचा दाखला माझ्याच बाजूनं जातो. पिकात काय निघेल ते आधी कळत नाही हेच मी म्हणतोय. शिकायला चंद्र आहे की. तीन दिवसांवर, काही बिघडलं तर मदत पोहोचू शकते. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत स्थानकाकडे निघालेली तीन मालवाहू यानं नष्ट झाली, तरी कोणी उपाशी राहिलं नाही, कारण साठा होता. चंद्रावर असा साठा ठेवता येतो. तिथे शिका, मग मंगळावर जा.

बांधावरून
*तारखा लावून बघा*

चंद्रावर शिकाच, पण चंद्राचं शिक्षण मंगळाला पुरतं असं समजू नका. तिथे रात्र आपल्या चौदा दिवसांची. २०१९ च्या जानेवारीत चंद्रावर उतरलेल्या चीनच्या छांग-अ ४ यानावर कापसाचं बी उगवलं आणि पहिल्याच रात्रीच्या थंडीत संपलं. दिवस वेगळा, गुरुत्व वेगळं, आणि रात्रपाळींनी म्हटलं तसं कार्बनचं गणितही उलटं.

आता तुमच्या ‘दोन-तीन मोहिमा नको’चा अर्थ २६ महिन्यांच्या पट्टीवर लावू. पहिली तुकडी ज्या संधीला निघते, त्याच संधीला दुसऱ्या तुकडीचे डबे निघालेले असतात. म्हणजे पहिल्या तुकडीनं तिथे काहीही पिकवून दाखवलं, तरी दुसऱ्या मोहिमेचे डबे कमी होत नाहीत, ते आधीच वाटेत आहेत. मुक्काम साधारण दीड वर्षाचा. बुटका गहू भरपूर उजेडात दोन-अडीच महिन्यांत तयार होतो, म्हणजे सहा-सात पिकं निघतात, आणि त्यांचा निकाल हातात आल्यावर कमी होऊ शकतात ते तिसऱ्या मोहिमेचे डबे. तुम्ही शेतीची सुरुवात चौथ्या मोहिमेला केलीत तर पहिली वजाबाकी सहाव्या मोहिमेला. साडेसहा वर्षांचा फरक, आणि मधल्या प्रत्येक मोहिमेला पूर्ण आठ टन.

म्हणून तुमची अट मला मान्य आहे. पहिल्या मोहिमेला डबे पूर्ण न्या, एक किलो कमी करू नका. पण त्यासोबत गहू, बटाटा, सोयाबीन असं उष्मांकांचं पीकही न्या, नुसता पाला नको. दहा चौरस मीटर. बी तिथेच धरा आणि तेच पुन्हा पेरा.

खवट

म्हणजे आठ टन अधिक दहा चौरस मीटर अधिक दमटपणाचं यंत्र अधिक काडाची भट्टी. वजन वाचवायला निघालो आणि वजन वाढवून आलो.

बांधावरून

पहिल्या मोहिमेला वाढलंच. मी तिसरीचं वाचवतोय.

उलटमोजणी

दहा चौरस मीटर गव्हाला तीन-साडेतीन किलोवॉट दिवे, तुमच्याच आवडीच्या उजेडात. २०२५ मध्ये नासानं चंद्रासाठी किमान १०० किलोवॉटच्या अणुभट्टीचं लक्ष्य सांगितलंय. तशी एक मंगळावर मिळाली तर हे साडेतीन मी अडवणार नाही. ४० किलोवॉटवालीच मिळाली तर आधी परतीचं इंधन, मग हवा-पाणी, मग ऊब, आणि उरलं तर गहू. त्या रांगेत गव्हाला पुढे घ्यायला मी अजून तयार नाही.

मुळाक्षर

आणि पाला?

उलटमोजणी

पाला उबेच्या पाठोपाठ. तेवढं दिलं.